बिनकामाची इंग्रजी

डिसेंबर लागला की आमच्या सोसायटीच्या अंगणात सकाळी प्लास्टिकच्या खुर्च्या येतात. दोघे-तिघे आजोबा, एक-दोन आज्या. कानटोप्या, मफलर, मांडीवर दुमडलेलं वर्तमानपत्र. ऊन पाण्याच्या टाकीवरून उतरतं ते आधी तुळशीपाशी येतं, मग पार्किंगच्या पहिल्या खांबाशी, आणि ते जसजसं सरकतं तसतशा खुर्च्याही सरकतात. पुरतं उठत कुणीच नाही. जरासं उठल्यासारखं करायचं, खुर्ची दोन्ही हातांनी मागून धरायची आणि वीतभर पुढे घ्यायची. नऊच्या सुमाराला ऊन अंगणभर होतं, त्याचं अप्रूप संपतं आणि मंडळी नाश्त्याला घरी जातात.

गॅलरीतून हे बघताना माझ्या मनात हटकून एक इंग्रजी शब्द येतो: 'अप्रिसिटी'. हिवाळ्यातल्या उन्हाची ऊब. हेन्री कॉकरम नावाच्या गृहस्थाने १६२३ मध्ये इंग्रजीतल्या अवघड शब्दांचा एक लहानसा कोश छापला, त्यात हा शब्द आहे. लॅटिनमध्ये उन्हाने शेकलेल्या जागेला 'अप्रिकस' म्हणत, त्यावरून घडवलेला. कॉकरमच्या पुस्तकाबाहेर तो फारसा कुणी वापरल्याचं दिसत नाही. शब्द जन्मला, कोशात जाऊन बसला आणि तिथेच राहिला. भिंतीला पाठ टेकून ऊन खाणाऱ्या कुणा इंग्रज म्हाताऱ्याच्या तोंडी तो कधी आला असेल, असं वाटत नाही. माझ्यापुरता मात्र तो आता पुण्याच्या एका अंगणात रोज सकाळी कामाला लागतो.

कॉकरमच्या आधी, १६०४ मध्ये, रॉबर्ट कॉड्री या शाळामास्तराने इंग्रजी शब्दांचे अर्थ इंग्रजीतच सांगणारं पहिलं पुस्तक काढलं. अडीच हजारांच्या आसपास शब्द. त्या पहिल्या आवृत्तीची एकच प्रत आज उरली आहे, ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात. त्यात कॉड्री वाचकांना समजावून सांगतो की शब्द 'ए'ने सुरू होत असेल तर पुस्तकाच्या सुरुवातीला बघा, 'व्ही'ने होत असेल तर शेवटाकडे. वर्णक्रमाने शब्द शोधायचा असतो हेच तेव्हा लोकांना सांगावं लागत होतं. मला हा तपशील फार आवडतो. ज्या इंग्रजीचा पुढे जगभर एवढा दरारा झाला, ती त्या काळात स्वतःच्याच घरात चाचपडत होती. विद्वान मंडळी लॅटिन-ग्रीकमधून खंडीभर शब्द घडवत होती आणि दुसरी मंडळी त्यांना 'दौतीतले शब्द' म्हणून नावं ठेवत होती. त्यातले काही टिकले, काही कोशांच्या पानांतच सुकून गेले. अप्रिसिटी त्या सुकलेल्यांपैकी.

माझ्या पिढीच्या मराठी शाळेतल्या मुलांना इंग्रजी पाचवीत भेटली. भेटली तीच परीक्षा होऊन. स्पेलिंग पाच-पाच वेळा लिहा, गाळलेल्या जागा भरा, कर्तरीचा कर्मणी करा. घरात तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेची जुनी प्रत होती, तिच्यातली वाक्यं वडील संध्याकाळी घालायचे आणि मी ती उलटवायची. पुढे मुलाखती, अर्ज, कचेरीतली पत्रं. प्रत्येक ठिकाणी इंग्रजीचा एकच प्रश्न असायचा: बरोबर की चूक? चिपळूणकरांनी इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हटलं आणि आपण ते पिढ्यान् पिढ्या नाक दाबून प्यायलो. अंगात बळ आलं हे खरंच. पण वाघीण दुपारच्या सावलीत बछड्यांशी लोळते, शेपटीशी खेळते, हे काही आपल्याला कुणी दाखवलं नाही.

ते मला दिसलं मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर. तिथल्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात फ्रान्सिस ग्रोझच्या कोशाचं एक पुनर्मुद्रण पडलेलं होतं. उभ्या उभ्या मधलंच पान उघडलं आणि एक शब्द समोर आला: 'स्लबरडिगलियन'. अर्थ वाचायच्या आधी तो मी दोनदा मनात म्हणून पाहिला. जीभ आधी घसरते, मग अडखळते, मग एकदम घरंगळते. अर्थ होता गबाळा, घाणेरडा, हलकट माणूस. या माणसाला मी ओळखते असंच वाटलं. आणि दुसरी गोष्ट तिथेच, गर्दीत धक्के खात उभी असताना, लख्ख कळली: हा शब्द मला परीक्षेत कुणी विचारणार नाही. अर्जात लागणार नाही. मुलाखतीला बसलेल्या साहेबालाही तो ठाऊक नसेल. लंडनमध्ये जन्मलेल्या, तिथेच शिकलेल्या माणसालासुद्धा नसेल. या शब्दासमोर तो आणि मी एकाच पायरीवर उभे आहोत, दोघंही तितकेच चकित. इंग्रजीच्या बाबतीत असं सपाट मैदान मला त्याआधी कधी मिळालं नव्हतं.

ग्रोझ हा माणूसच मुळी बघण्यासारखा. सैन्याच्या कामातून मोकळा झालेला, देहाने अवाढव्य, खाण्यापिण्याचा आणि गप्पांचा षौकी. जुन्या वास्तूंची चित्रं काढून त्यांची पुस्तकं करणं हा त्याचा उद्योग. स्कॉटलंडमध्ये हिंडताना त्याची कवी रॉबर्ट बर्न्सशी मैत्री जमली आणि त्याच्या पुस्तकासाठी बर्न्सने 'टॅम ओ शँटर' लिहून दिली. हा ग्रोझ रात्री आपल्या मदतनीसाला घेऊन लंडनच्या गल्ल्यांत, गुत्त्यांत, गोदीच्या आसपास फिरायचा. शिपाई, खलाशी, भुरटे चोर, फेरीवाले, बायका जे बोलत ते कानांनी टिपायचा. त्यातून १७८५ मध्ये त्याचा गावरान आणि चोरट्या बोलीचा कोश तयार झाला. तीस वर्षांआधी सॅम्युएल जॉन्सनने दोन जाडजूड खंडांत इंग्रजीचा थोर कोश उभा केला होता, तो बहुतेक पुस्तकांच्या आधारे. ग्रोझने दार उघडून रस्त्यावरची भाषा आत घेतली.

त्याच्या पानांवर तोंड म्हणजे 'हाडांची पेटी' आहे आणि शवपेटी म्हणजे 'अनंतकाळची पेटी'. पावसाचं पाणी म्हणजे 'कुत्र्याचं सूप'. उंच, लुकडा, हातपाय आवरता न येणारा तरुण म्हणजे 'हातापायांचा सरदार'. मोज्याचा एक टाका सुटून खाली धावत गेलेली उसवण म्हणजे 'उवांची शिडी'. मास्तरांना जो शब्द आहे तो मुलांच्या पार्श्वभागाची सालटी काढणाऱ्याचा. त्यांतला माझा सर्वांत लाडका शब्द 'किटल-पिचरिंग'. एखादा माणूस लांबलचक हकीकत सांगायला बसला की त्याला सुरुवातीलाच एखाद्या फालतू तपशिलावर अडवायचं: तो मंगळवार नव्हता, बुधवार होता. त्याचा निकाल लागतो न लागतो तोच दुसऱ्या तपशिलावर अडवायचं. असं करत करत त्याला मुद्द्यापर्यंत पोचूच द्यायचं नाही. अठराव्या शतकातल्या लंडनच्या गुत्त्यात कुणाला तरी हा प्रकार इतक्यांदा दिसला, की त्याला नाव द्यावंसं वाटलं. लग्नाच्या पंगतीत, श्राद्धाच्या जेवणानंतर, रेल्वेच्या डब्यात मी हे लहानपणापासून बघत आले आहे. आमचे एक काका यात इतके तरबेज होते, की त्यांच्यासमोर कुणाची काशीयात्रा कधी मनमाडच्या पुढे गेली नाही.

आणखी एक जुना शब्द याच जातीचा, फक्त देवळातला: 'मम्पसिमस'. एक धर्मगुरू लॅटिन प्रार्थनेत 'सुम्पसिमुस'च्या जागी वर्षानुवर्षं 'मुम्पसिमुस' म्हणायचा. कुणीतरी चूक दाखवली तर तो म्हणाला, तुमचं नवं सुम्पसिमुस तुम्हालाच राहू द्या, मी माझं जुनं मुम्पसिमुस सोडणार नाही. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला ही गोष्ट युरोपातल्या विद्वानांमध्ये फिरली आणि चूक कळूनही जो हट्ट सोडत नाही, त्याला इंग्रजीत हे नाव चिकटलं. गोष्ट एवढीच. पण कोशात तो शब्द दिसला की तो म्हातारा पुजारी, त्याचा चिडलेला आवाज आणि समोरचा हतबल तरुण, सगळं जिवंत होतं.

हे शब्द आपोआप राहिले नाहीत. कुणीतरी बसून ते राखले. स्कॉटलंडच्या सीमेवरच्या एका शिंप्याचा मुलगा, चौदाव्या वर्षी शाळा सुटलेला जेम्स मरी, १८७९ मध्ये ऑक्सफर्डच्या महाकोशाचा संपादक झाला. त्याने पत्र्याची एक शेड बांधली, तिच्यात कप्पे केले आणि जगभरच्या इंग्रजी वाचणाऱ्या लोकांना आवाहन केलं: वाचताना जो शब्द लक्ष वेधून घेईल तो वाक्यासकट चिठ्ठीवर लिहून पाठवा. लाखोंनी चिठ्ठ्या आल्या. पुढे तो ऑक्सफर्डला राहायला गेला तेव्हा टपालखात्याने त्याच्या घरासमोर खास पेटी उभी केली. १८८४ मध्ये पहिला भाग निघाला, मरी १९१५ मध्ये वारला, काम १९२८ मध्ये पुरं झालं. चार लाखांहून अधिक शब्द. एवढ्या पसाऱ्यातून एकच शब्द निसटल्याची गोष्ट मला सारखी आठवते. 'बाँडमेड', म्हणजे गुलाम दासी. तिच्या चिठ्ठ्या कुठेतरी गहाळ झाल्या आणि १८८८ चा खंड तिच्याशिवायच छापला गेला. मरीला याची खंत फार लागली. १९३३ च्या पुरवणीत ती एकदाची आत आली. जिला आयुष्यात कुठेच मोजलं गेलं नाही, ती कोशातही दाराबाहेर राहिली होती, हे वाचताना बोट त्या ओळीवर थांबतं.

मरीच्या मदतनीसांत फिट्झएडवर्ड हॉल नावाचा एक अमेरिकन होता. त्याच्याकडे मी जरा जास्तच ओढली जाते. पळून गेलेल्या भावाला शोधायला बापाने त्याला हिंदुस्थानकडे पाठवलं. १८४६ मध्ये गंगेच्या मुखाशी जहाज फुटलं. हॉल वाचला आणि इथेच रमला. संस्कृत, हिंदी शिकला, काशीच्या सरकारी कॉलेजात शिकवू लागला. त्याच काशीत नीळकंठशास्त्री गोरे होते, कोकणस्थ घराण्यातले, पुढे ख्रिस्ती होऊन नेहेम्या गोरे झाले. पंडिता रमाबाईंच्या चरित्रात ते आपल्याला भेटतात. गोऱ्यांनी षड्दर्शनांचं खंडन करणारा हिंदी ग्रंथ लिहिला, त्याचा इंग्रजी अनुवाद हॉलने केला, तो १८६२ मध्ये कलकत्त्यात छापला गेला. त्यानंतर हॉल विलायतेत गेला, तिथल्या पंडितांशी त्याचं कडाक्याचं भांडण झालं आणि तो सफकमधल्या एका खेड्यात एकटा राहू लागला. शेवटची वीस-एक वर्षं, १९०१ मध्ये मरेपर्यंत, तो विनामोबदला ऑक्सफर्डच्या कोशाची मुद्रितं तपासत होता, जुन्या पुस्तकांतून शब्दांचे दाखले पुरवत होता. दर्शनांच्या पोथ्या वाचून तयार झालेली नजर इंग्रजी शब्दांवरून फिरत होती. आज मी त्या कोशात एखादा जुना दाखला वाचते तेव्हा तो याच एकांड्या माणसाने पाठवलेला असू शकतो, या विचाराने काशीचा घाट आणि इंग्लंडातलं ते खेडं एकाच पानावर येतात.

पण सगळेच शब्द हसवणारे नसतात. 'उख्तचेआरे' हा हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतला शब्द. 'उख्त' म्हणजे रात्रीचा शेवटचा प्रहर, उजाडायच्या आधीचा. 'चेआरे' म्हणजे काळजी. त्या वेळी अंथरुणात डोळे उघडतात आणि मग जे जे मनात येतं ते. हा शब्द एका पन्नास-एक ओळींच्या कवितेत येतो. बोलणारी बाई आहे. नवरा समुद्रापार गेला आहे, त्याच्या माणसांनी तिला वेगळं टाकलं आहे, ती एका ओक वृक्षाखालच्या भुयारात राहते. कवी कोण, कवयित्री कोण, कुणाला ठाऊक नाही. कविता ज्या हस्तलिखितात आहे ते बिशप लिओफ्रिकने एक्सेटरच्या कॅथीड्रलला दिलं, आणि लिओफ्रिक १०७२ मध्ये वारला. तेव्हापासून ते तिथेच आहे. मध्ये कित्येक शतकं त्याची कुणाला कदर नव्हती. त्याच्या सुरुवातीच्या पानावर सुरीचे वार आहेत, कुणीतरी त्यावर काहीतरी कापलं असणार. ओल्या भांड्याचा गोल डाग आहे. शेवटच्या पानांतून आरपार गेलेली जळकी खूण आहे. एवढ्यातून ती बाई आणि तिची पहाटेची काळजी वाचली.

हे प्रथम वाचलं तेव्हा मला जात्याची घरघर ऐकू आली. आपल्याकडे तोच प्रहर बायकांच्या हाती होता. घर झोपलेलं, अंगणात काळोख, आणि खुंट्याला एकटीचा किंवा दोघींचा हात. माहेर, सासुरवास, दूर गेलेला नवरा, देवाघरी गेलेलं मूल, विठ्ठल, सगळं त्या पिठाबरोबर बाहेर पडायचं. हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगावच्या बायकांकडून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा करून ठेवल्या आहेत. त्या बायकांना आपल्या त्या वेळेच्या दुःखासाठी वेगळा शब्द लागला नाही, त्यांच्याकडे दगड होता आणि सूर होता. ओकाखालच्या त्या बाईकडे जातं नव्हतं. तिने दोन शब्द सांधले. आता मला कधी पहाटे चारला जाग येते आणि झोप उडते, तेव्हा दोन्ही आठवतात, आणि जाग तेवढी एकटी राहत नाही.

लहान मुलांसाठी निरर्थक कविता लिहिणारा एडवर्ड लिअर हा या सगळ्या जत्रेतला गमत्या. 'रन्सिबल' नावाचा चमचा त्याने कवितेत आणला आणि त्याचा अर्थ शेवटपर्यंत कुणाला सांगितला नाही. तो चित्रकारही होता. १८७३ मध्ये व्हाइसरॉय नॉर्थब्रुकच्या निमंत्रणावरून तो मुंबईत उतरला आणि वर्षभराहून अधिक काळ हिंदुस्थानभर हिंडत चित्रं काढत राहिला. कानांवर दिवसभर आपले शब्द पडत होते. त्यांतून १८७४ मध्ये मुंबईच्या वर्तमानपत्रात त्याची 'कमरबंद' नावाची कविता आली. तिच्यात सोनेरी परांचे चपराशी नदीत पोहतात, खानसामे उंच झाडं होऊन वाढतात, खिदमतगार वेली होऊन लोंबतात, आणि एक बाई चक्क 'धोबी'वर बसून चांदणी बघते. शेवटी कमरबंद नावाचं भयंकर जनावर येऊन तिला गिळतं. मी ही कविता वाचली तेव्हा प्रथमच आपले शब्द मला अर्थावाचून ऐकू आले. चपराशी. खरंच, पाण्यात शेपूट मारून जाणाऱ्या एखाद्या चपळ माशाला हे नाव शोभलं असतं. स्लबरडिगलियन मला जसा ऐकू आला तसा चपराशी लिअरला ऐकू आला होता.

असे आपले कितीतरी जण तिकडे जाऊन स्थायिक झाले आहेत. मुंगूस तिकडच्या कोशांत 'माँगूस' होऊन बसलं आहे, मराठीतून आल्याची नोंद घेऊन. बोंबील 'बमलो' झाला. पण सर्वांत चटका लावणारी कथा देवळालीची. नाशिकजवळच्या या छावणीत नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई विलायतेच्या जहाजाची वाट बघत थांबत. जहाजं हिवाळ्यातच सुटायची. हंगाम हुकला की पुढच्या हंगामापर्यंत मुक्काम. काम नाही, लढाई नाही, उन्हाळा आणि माळ. त्या रिकामपणात काहींची डोकी फिरत. त्याला शिपायांनी नाव दिलं 'डूलाली टॅप', देवळालीचा ताप. आज इंग्लंडात 'डूलाली' म्हणजे वेड लागलेला. हा शब्द हसत हसत वापरणाऱ्या कितीजणांना देवळाली स्टेशन माहीत असेल? मी मात्र पंचवटी एक्स्प्रेसने त्या स्टेशनावरून जाताना फलाटावर आपोआप कुणाला तरी शोधते. लाल तोंडाचा, अठरा-एकोणीस वर्षांचा असताना आलेला, आता घरचा पत्ता आठवून आठवून थकलेला कुणी.

जोसेफ राइटचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. यॉर्कशरमधल्या गरीब घरातला हा मुलगा. सहा-सात वर्षांचा असताना दगडाच्या खाणीवर गाढवं हाकायचा. मग गिरणीत लागला, सुताने भरलेल्या बॉबिन काढून रिकाम्या लावायच्या कामावर. पंधराव्या वर्षापर्यंत अक्षरओळख नव्हती. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध चाललं होतं, एक सोबती वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवायचा, आणि या पोराला वाटलं की हे आपल्याला आपलं वाचता आलं पाहिजे. रात्रशाळेत शिकला, पैसे साठवले, बेल्जियमच्या अँटवर्पपासून जर्मनीतल्या हायडलबर्गपर्यंत पायी गेला, तिथून डॉक्टरेट मिळवली आणि शेवटी ऑक्सफर्डमध्ये भाषाशास्त्राचा प्राध्यापक झाला. टॉल्किन त्याचा विद्यार्थी. इतका वर चढल्यावर या माणसाने काय केलं, तर खाली राहिलेल्यांचे शब्द गोळा केले. १८९८ ते १९०५ या काळात त्याचा इंग्रजी बोलींचा कोश सहा खंडांत निघाला. खाणीतले, गिरणीतले, गोठ्यातले, चुलीपुढचे शब्द.

त्या बोलींमधला एक शब्द आज जगातल्या पोराटोरांना पाठ आहे: 'डम्बलडोर'. हॅरी पॉटरच्या शाळेतला तो पांढऱ्या दाढीचा मुख्याध्यापक. दक्षिण इंग्लंडातल्या खेड्यांत डम्बलडोर म्हणजे गुणगुणणारा गुबगुबीत भुंगा. टॉमस हार्डीच्या 'द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज' या १८८६ च्या कादंबरीत एलिझाबेथ-जेन नावाची मुलगी आहे. बाप गावात प्रतिष्ठेला चढलेला. मुलीच्या तोंडून गावंढळ शब्द आला की तो संतापतो. ती बिचारी एकेक शब्द टाकत जाते, आणि भुंग्याला डम्बलडोर म्हणायचंही सोडते. मला हे वाचताना आमचा वर्ग आठवला. माण तालुक्यातून आलेल्या एका मुलीने पहिल्याच दिवशी 'व्हय बाई' म्हटलं आणि चाळीस मुली हसल्या. महिन्याभरात ती 'हो बाई' म्हणू लागली. तिच्या बोलण्यात शेतातल्या किड्यांची, गवतांची, ढगांची कितीतरी नावं होती, ती हळूहळू आमच्यासमोर यायची बंद झाली. मला त्यातलं आज एकही आठवत नाही, आणि एलिझाबेथ-जेनचा भुंगा आठवतो. हे शल्य मला त्या कादंबरीने दिलं.

इंग्लंडच्या उत्तरेकडच्या डोंगरांतले मेंढपाळ मेंढ्या मोजायचे ते वन-टू-थ्रीने नाही. त्यांची मोजणी निराळी. बॉरोडेल खोऱ्यात ती अशी: यान, त्यान, टेथेरा, मेथेरा, पिंप, सेथेरा, लेथेरा, होवेरा, डोवेरा, डिक. एक ते दहा. पुढे यान-अ-डिक, त्यान-अ-डिक असं चौदापर्यंत. पंधरा म्हणजे बमफिट. मग यान-अ-बमफिट, त्यान-अ-बमफिट, आणि वीस झाले की कुठे जिगिट, कुठे गिगॉट. विसाला एक खडा खिशात टाकायचा आणि पुन्हा यानपासून, असं सांगतात. या आकड्यांचं वेल्श भाषेशी नातं उघड दिसतं; तिथे पाचाला आजही 'पिंप' असंच म्हणतात आणि सोळा म्हणजे पंधरावर एक. इंग्रजीच्या आधी त्या डोंगरांत जी भाषा होती तिच्याच कुळातले हे आकडे. ते तिथे तेव्हापासून टिकले की नंतर कुणी आणले, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. त्या भाषेतली राज्यं गेली, गाणी गेली, भांडणं गेली. मेंढ्या मोजणं राहिलं.

वाचता वाचता मी पुस्तक मिटलं आणि मोठ्याने म्हणाले: वकट, लेंड, मूंड, नाल. विटीदांडू! दांडूने अंतर मोजताना आम्ही हेच ओरडायचो. एक-दोन-तीन-चार कुणी म्हणत नसे, म्हणणं शोभलंही नसतं. तेलुगूत ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. आमच्या वाड्यात तेलुगू कुणालाच येत नव्हतं, आणि आम्ही धुळीत वाकून तेलुगूच्या कुळातले आकडे मोजत होतो. मोठी माणसं भाषा बदलतात, राजा बदलला की बदलतात, नोकरीसाठी बदलतात. पोरांनी आणि मेंढपाळांनी मोजणी बदलली नाही, कारण डाव त्याच मोजणीत रंगतो.

माझ्या भाचीच्या मुलीला मी या दोन्ही मोजण्या शिकवल्या आहेत. ती सात वर्षांची आहे, इंग्रजी माध्यमात जाते, आणि तिच्या तोंडी सगळ्यात आवडता आकडा बमफिट. आमची लिफ्ट बंद पडली की ती खूश होते. पहिल्या पायरीला यान, दुसरीला त्यान, डोवेरा-डिकला जिन्याचं वळण, आणि पंधराव्या पायरीवर दोन्ही पाय जोडून उडी: बमफिट! वरच्या मजल्यावरचे जोशीकाका दार उघडून बघतात. त्यांना ती सांगते की आपण मेंढ्या मोजतोय. परवा मात्र पंधरावर पोचल्यावर ती क्षणभर थांबली, माझ्याकडे वळून बघितलं, आणि पुढच्या पायऱ्या तिने स्वतःच्या हिशोबाने चढायला घेतल्या. वकट-अ-बमफिट, लेंड-अ-बमफिट, मूंड-अ-बमफिट, नाल-अ-बमफिट. हे बरोबर आहे ना, असं काही तिने विचारलं नाही.